ब्रिस्टल गाड्यांबद्दल मला हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली सोळा वर्षं इंग्लंडात, ब्रिस्टल शहराच्या उत्तरेला फिल्टनजवळ राहतो. शनिवारी सकाळी एका जुन्या ब्रिस्टल मोटारीवर काम करून हात काळे झालेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला की भाचे, मावसभाऊ, शाळेतले मित्र सगळे तेच ते प्रश्न विचारतात. म्हटलं, एकदाच सगळं लिहून ठेवावं आणि पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवावी.

गाडी तुझी आहे का?

नाही. गाडी आमच्या मागच्या गल्लीतल्या एका म्हातारबुवांची आहे. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे आणि गाडीही १९५६ ची. मॉडेल ब्रिस्टल ४०५. त्यांना आता गुडघ्यावर बसता येत नाही आणि मला त्यांच्यासारखा कान नाही, म्हणून जोडी जमली. मी तिथला बिनपगारी हेल्पर.

ॲव्हरेज किती देते?

हा प्रश्न पहिल्यांदा आला नाही असं एकदाही झालेलं नाही. जुनी दोन लिटरची सहा सिलिंडरवाली लिटरला सात-आठ किलोमीटर देते. नंतरची आठ सिलिंडरची व्ही-८ चार-पाच. पुढे.

ब्रिस्टल हे गाव की कंपनी?

दोन्ही. १९१० साली सर जॉर्ज व्हाइट यांनी फिल्टनला विमानांचा कारखाना काढला. ट्राम कंपनी चालवणारा हा माणूस ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळच्या शेडमध्ये विमानं बनवू लागला. पुढे त्याची ब्रिस्टल एरोप्लेन कंपनी झाली. पहिल्या महायुद्धातलं ब्रिस्टल फायटर, दुसऱ्यातली ब्लेनहाइम आणि बोफायटर ही विमानं इथली. आपल्या हवाई दलाच्या नॅट विमानांनी १९६५ च्या युद्धात नाव काढलं, त्यांचं ऑर्फियस इंजिनही मूळ ब्रिस्टलचंच. ते पुढे बंगळुरूला एचएएलमध्ये बनत असे. गाड्यांच्या नाकावर जो बिल्ला आहे त्यात किल्ला आणि जहाज दिसतं, ते ब्रिस्टल शहराचं मानचिन्ह.

विमानवाल्यांना गाड्या करायचं कुठून सुचलं?

पोटातून. युद्ध संपलं की लढाऊ विमानांची मागणी कोसळणार हे त्यांना पहिल्या महायुद्धानंतर एकदा कळून चुकलं होतं. हजारो कसलेले कारागीर, ॲल्युमिनियम वळवायची यंत्रं, हवेच्या बोगद्यासारख्या चाचणीच्या सोयी, हे सगळं रिकामं ठेवायचं कसं? म्हणून १९४५ मध्ये त्यांनी फ्रेझर नॅश कंपनीच्या आल्डिंग्टन बंधूंशी हातमिळवणी केली. हे बंधू युद्धाआधी इंग्लंडात बीएमडब्ल्यू आणून विकायचे. युद्धानंतर एच. जे. आल्डिंग्टन म्युनिकला जाऊन आले, बीएमडब्ल्यूचे आराखडे इकडे आले, मागोमाग तिथले इंजिनियर फ्रिट्झ फिडलरही आले. १९४७ च्या जिनिव्हा मोटर शोमध्ये पहिली गाडी, ब्रिस्टल ४००, उभी राहिली.

म्हणजे जर्मन गाडीची कॉपीच की!

४०० च्या बाबतीत, हो. चासी बीएमडब्ल्यू ३२६ वरून, बॉडीची ठेवण ३२७ वरून, इंजिन ३२८ वरून. समोरची जाळी बघितलीत तर बीएमडब्ल्यूच्या त्या दोन नाकपुड्याही तशाच. म्हातारबुवांना हे आवडत नाही, पण ते नाकारतही नाहीत.

मात्र इंजिनाला विमानवाल्यांनी हात लावला आणि तिथून गोष्ट वेगळी झाली. १,९७१ सीसी, सहा सिलिंडर, ६६ मिलिमीटरचा बोअर, ९६ चा लांबलचक स्ट्रोक. कॅमशाफ्ट एकच, तोही खाली ब्लॉकमध्ये; पण हेडमध्ये व्हॉल्व्ह दोन बाजूंना तिरके बसवलेले. मग पलीकडच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत पोचायचं कसं? तर खालून उभी काठी वर येते, रॉकरला ढकलते, तो रॉकर हेडवरून आडवी जाणारी दुसरी काठी ढकलतो आणि ती काठी पलीकडचा रॉकर हलवते. बारा व्हॉल्व्हसाठी अशा अठरा काठ्या, म्हणजे पुशरॉड. टॅपेट (व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट) सेट करायला बसलं की सकाळ जाते. प्लग इवलेसे, १० मिलिमीटरचे, हेडच्या दरीत खोल बसलेले. पाना घसरला तर बोटाचं कातडं जातं, हे मी तीन वेळा पडताळून पाहिलं आहे.

पण ते नीट लागलं की काय गातं! माझ्या वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. चांगलं मशीन आवाजावरून ओळखायचं, असं ते म्हणत. या इंजिनाजवळ उभं राहिलं की ते आठवतात.

ब्रिस्टलला तू ग्रँड टुरर म्हणतोस, म्हणजे स्पोर्ट्स कारच ना?

नव्हे. स्पोर्ट्स कारमधून तासाभराने उतरावंसं वाटतं. ग्रँड टुरर ही लांब पल्ल्याची गाडी: दोघं पुढे, दोघं मागे, डिकीत खऱ्याखुऱ्या सुटकेस, आणि सकाळी लंडनहून निघून संध्याकाळी फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला जेवायला बसलं तरी कंबर शाबूत. वेग हवाच, पण तो दिवसभर टिकणारा हवा. ब्रिस्टलवाल्यांनी ४०१ च्या वेळी यासाठी वाऱ्याशी भांडणं कमी केली. इटलीच्या तूरिंगच्या पद्धतीने बारीक नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि दाराला बाहेर आलेलं हँडलसुद्धा नाही. एक बटण दाबायचं, दार सुटतं. पाऊणशे वर्षांनी आज आपल्याकडे नव्या गाड्यांची हँडलं आत लपतात तेव्हा जाहिरातीत केवढा गाजावाजा असतो!

हातानं बनवलेली म्हणजे नक्की काय? सगळ्याच गाड्या माणसंच जोडतात की.

जोडणं वेगळं, घडवणं वेगळं. मोठ्या कारखान्यात प्रचंड प्रेसखाली पत्रा जातो आणि एका दणक्यात दार तयार होऊन बाहेर येतं. तो साचा बनवायलाच इतका खर्च येतो की लाखभर गाड्या खपल्या तरच परवडतं. ज्यांच्या एका मॉडेलच्या दोन-तीनशे गाड्या विकल्या जातात, ते साचा कशाला करतील? ते माणूस ठेवतात.

पुण्याच्या तांबट आळीतून गेला असाल तर तो आवाज ओळखीचा असेल. इथेही तसंच. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने पत्र्याला आधी पोट काढायचं, मग व्हीलिंग मशीनच्या दोन चाकांमधून तो पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत गुळगुळीत करायचा. आपला तांबट मठार ठेवतो, प्रत्येक ठोका भांड्यावर मिरवतो. इथला कारागीर शेवटचा ठोकासुद्धा पुसून टाकतो. दोघांचं कसब तेच, लाज वेगळी.

आता याची दुसरी बाजू, जी शौकीन मंडळी सांगत नाहीत. हातानं घडवलेल्या दोन गाड्या सारख्या नसतात. मागच्या वर्षी आमच्या ४०५ चं डावीकडचं पुढचं दार खराब झालं होतं. दुसऱ्या एका मोडीत काढलेल्या ४०५ चं दार मिळालं. आनंदाने आणलं. वरच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट आणि खालचा कोपरा मडगार्डला घासतोय! दाराच्या आतलं पॅनेल काढलं तर मागे खडूने आकडा लिहिलेला, त्या दुसऱ्या गाडीचा. ते दार त्याच चौकटीसाठी ठोकून बसवलेलं होतं. चार शनिवार गेले. तेव्हापासून 'हातानं बनवलेली' हे शब्द जाहिरातीत वाचले की मला ती फट दिसते.

स्टेपनी मडगार्डमध्ये ठेवतात हे खरं?

खरं. आणि माझ्या मते अख्ख्या गाडीतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच. ४०४ आणि ४०५ पासून पुढच्या गाड्यांमध्ये पुढचं चाक आणि दार यांच्या मधला मडगार्डचा भाग वर उचलला जातो. डावीकडे आत स्टेपनी उभी असते. उजवीकडे तशाच कप्प्यात बॅटरी.

याचे फायदे मोजा. डिकी पूर्ण मोकळी. पंक्चर झालं तर पावसात सामान रस्त्यावर मांडायला नको. इंग्लंडात, आपल्यासारखंच, गाडी डावीकडे उभी करतात. म्हणजे चाक काढताना तुम्ही कडेला सुरक्षित उभे, वाहनं पलीकडून जातात. इंजिन बरंच मागे सरकवलेलं असल्यामुळे मडगार्डमध्ये ही जागा निघाली. जागा रिकामी आहे म्हटल्यावर विमानवाला ती भरल्याशिवाय राहत नाही.

जाता जाता, 'स्टेपनी' हा शब्द इथल्या तरुणांना कळत नाही. ब्रिस्टलहून समुद्राच्या फाट्यापलीकडे वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जादा चाकाचा धंदा निघाला आणि गल्लीचं नाव चाकाला चिकटलं. इथले लोक ते विसरले, आपण आजही पंक्चरवाल्याकडे तेच म्हणतो. मी हे सांगितलं तेव्हा म्हातारबुवा इतके खूश झाले की आता तेही 'स्टेपनी'च म्हणतात.

शर्यतीत कधी उतरली का?

इंजिनाने जास्त नाव कमावलं. १९५२ च्या ब्रिटिश ग्रां प्रीत सिल्व्हरस्टोनला माइक हॉथॉर्न कूपर-ब्रिस्टल (कूपरची गाडी, ब्रिस्टलचं इंजिन) घेऊन तिसरा आला. पुढे १९५८ मध्ये फेरारीतून तो जगज्जेता झाला. कंपनीची स्वतःची ४५० ही शर्यतीची गाडी फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावली. १९५५ मध्ये तिन्ही गाड्यांनी शर्यत पूर्ण करून दोन लिटरचा गट जिंकला. पण त्याच शर्यतीत प्रेक्षकांत गाडी घुसून ऐंशीच्या वर माणसं गेली. ब्रिस्टलने त्यानंतर शर्यती सोडल्या.

एक गंमत. एसी नावाची छोटी कंपनी आपल्या एस गाडीत ब्रिस्टलचं इंजिन घालायची. १९६१ च्या सुमारास ब्रिस्टलने ते बनवणं थांबवलं, एसीवाले अडचणीत आले, आणि नेमक्या त्या वेळी अमेरिकेतून माजी रेसिंग ड्रायव्हर कॅरॉल शेल्बी फोर्डची व्ही-८ त्यात घालायची कल्पना घेऊन आला. तीच पुढे गाजलेली कोब्रा. म्हणजे ब्रिस्टलने इंजिन बंद केलं नसतं तर... असो.

मग ब्रिस्टलमध्येच अमेरिकन इंजिन कसं आलं?

गाडी जड होत गेली, दोन लिटरचा दम कमी पडू लागला. ४०६ मध्ये इंजिन २.२ लिटर केलं, चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, तरी भागेना. नवीन इंजिन उभारायला पैसा नव्हता. म्हणून १९६१ च्या ४०७ मध्ये क्रायस्लरची ५.१ लिटरची व्ही-८ आली, २५० अश्वशक्तीची, सोबत क्रायस्लरचाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शुद्धतावादी नाकं मुरडतात. माझं म्हणणं, मुंबईत वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्याच डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात; आपल्या आजोबांच्या पिढीला त्या दणकट वाटत होत्या. जे इंजिन पाना-पक्कडवर चालतं त्याला नावं ठेवू नयेत.

इतक्या चांगल्या गाड्या, मग नाव कुणी कसं ऐकलं नाही?

कारण कंपनीची तशी इच्छाच नव्हती. १९६० मध्ये विमानांचे व्यवहार एकत्र होऊ लागले तेव्हा गाड्यांचा विभाग वेगळा काढून संस्थापकांचे नातू, दुसरे सर जॉर्ज व्हाइट, आणि माजी रेसिंग ड्रायव्हर टोनी क्रूक यांनी घेतला. १९७३ पासून क्रूक एकटे मालक. दुकान जगात एक, लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटच्या टोकाला. एजन्सी नाही. पत्रकारांना चालवून बघायला गाडी देणं जवळपास बंद. गिऱ्हाईक पसंत पडलं नाही तर क्रूक त्याला वाटेला लावत, असे किस्से भरपूर आहेत.

गाड्याही तशाच. ४०७ ची किंमत १९६१ मध्ये सुमारे ५,००० पौंड, म्हणजे नव्या कोऱ्या जॅग्वार ई-टाइपच्या दुपटीहून जास्त. पण सिग्नलला उभी असली तर शेजारचा मान वळवत नाही. कोल्हापुरात एखाद्या साध्या सदऱ्यातल्या माणसाच्या नावावर दहा एकर ऊस निघतो, तसं. पैसा आहे पण तो दिसू नये असं वाटणाऱ्यांची ही गाडी, आणि अशी माणसं कुठेही थोडीच.

पहिली ब्रिस्टल घ्यायची तर कोणती?

हौस मेकॅनिकची असेल तर ४०३ किंवा ४०५. नुसतं चालवायचं असेल तर ४११, आधी सव्वासहा आणि पुढे साडेसहा लिटरची, १९६९ ते ७६. सगळ्यात देखणी दोन आसनी ४०४, पण तशा पन्नासच्या आसपासच बनल्या, त्यामुळे विसरा. ऐंशीच्या दशकापासूनच्या ब्रिगँड, बोफायटर, ब्लेनहाइम या विमानांची नावं घेतलेल्या गाड्या मला दिसायला पटत नाहीत. मागून पाहिलं की फ्रिज आठवतो. मालक लोक रागावतील, रागावू देत.

२००४ ची फायटर हा वेगळाच प्राणी: आठ लिटरची व्ही-१० आणि वर उघडणारी दारं. हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच बनल्या. मी आजवर एकच पाहिली, तीही झाकलेली.

विकत घेताना काय बघायचं?

रंग नको बघू. ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ते पोलादाला जिथे टेकतं तिथे ओल शिरली की ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. रंगाखाली पांढरी भुकटी आणि फोड दिसले की समजायचं. दारांचे खालचे काठ, चाकांच्या कमानी, मडगार्डचे ते झाकण असलेले कप्पे बोटाने चाचपायचे. बॅटरीच्या कप्प्यात ॲसिड सांडून खालचा पत्रा चाळणी झालेला असतो.

४०४ आणि ४०५ मध्ये बॉडीच्या सांगाड्यात लाकूड आहे. ते कुजतं. दार उघडून खालून हलकं उचलायचं. खांबासकट हललं तर लाकूड गेलेलं आहे.

आणि लोहचुंबक खिशात ठेवा, पण उलट्या हेतूने. आपल्याकडे पत्र्यावर चुंबक चिकटला नाही की लांबी (पुटी) भरली आहे असं ओळखतात. इथे ॲल्युमिनियमला तो चिकटणारच नाही. चिकटला, तर कुणीतरी लोखंडाचं ठिगळ मारलं आहे. आमच्या गाडीला एका गॅरेजवाल्याने कधीकाळी असंच केलं होतं, वर अंगठाभर लांबी थापून. बिलात 'पॅनेल दुरुस्ती' लिहिलेलं आहे, म्हातारबुवांनी ते जपून ठेवलंय. दर वर्षी एकदा काढून वाचतात आणि शिव्या देतात.

सुटे भाग मिळतात का?

बऱ्यापैकी. क्रायस्लर इंजिनाचं तर सगळंच मिळतं. सहा सिलिंडरवाल्यांसाठी ब्रिस्टल ओनर्स क्लब आहे, छोटे कारखाने पिस्टन, गॅस्केट, बेअरिंग पुन्हा करून देतात. जे मिळत नाही ते लेथवर. एकदा ब्रेकचा एक बुश मी सुट्टीत आलो असताना उद्यमनगरातून करून नेला. नमुना दिला, चहा होईस्तोवर तयार. इथे त्यासाठी तीन आठवडे थांबलो असतो.

आताचं पेट्रोल चालतं का?

शिशाचं पेट्रोल ब्रिटनमध्ये २००० पासून बंद झालं, तेव्हा बहुतेकांनी व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घेतल्या. २०२१ पासून पंपावर १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. ते जुने रबरी पाइप फुगवतं आणि गाडी महिनोन्महिने उभी असेल तर टाकीला त्रास देतं. आम्ही महागडं, ५ टक्केवालं भरतो. भारतात ई-२० वर जुनी गाडी चालवणाऱ्यांनी पाइप आधी बदलावेत.

कंपनीचं काय झालं?

मार्च २०११ मध्ये दिवाळ्याच्या प्रशासकाकडे गेली. दुसऱ्या मालकांनी विकत घेतली, २०१६ मध्ये बुलेट नावाची गाडी दाखवली, ती बाजारात आलीच नाही, आणि २०२० मध्ये कारभार गुंडाळला. क्रूक त्याआधीच, २०१४ मध्ये, नव्वदी पार करून गेले. फिल्टनची धावपट्टीही बंद झाली. २६ नोव्हेंबर २००३ ला शेवटचं कॉन्कर्ड विमान इथेच उतरलं. ते आता इथल्या संग्रहालयात आहे, आलात तर दाखवीन.

भारतात आणून चालवता येईल का?

आयातीचे नियम आणि कर बदलत असतात, ते त्या त्या वेळी जाणकाराला विचारा. नोंदणीपुरतं सांगतो: २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये. पण अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल यासाठीच रस्त्यावर. लांब पल्ल्याच्या गाडीला पेट्रोल पंपापर्यंतच सोडायचं, हे मला बघवणार नाही.

ॲस्टन मार्टिन का नको?

त्याच काळातल्या ॲस्टनच्या किमतीत चांगल्या ब्रिस्टल कितीतरी येतात. आणि ॲस्टनखाली झोपायला मला कुणी बोलावलेलं नाही.

बायको काय म्हणते?

शनिवारचे कपडे वेगळे धुते. बाकी काही म्हणत नाही, कारण एकदा तिलाही म्हातारबुवांनी बाथपर्यंत चालवायला दिली होती. परत आल्यावर म्हणाली, स्टिअरिंग तुझ्या गाडीपेक्षा हलकं आहे. माझी गाडी तीन वर्षांपूर्वीची आहे.

आम्हाला बघायला मिळेल का?

जरूर. शनिवारी दहाच्या आत या, म्हणजे टॅपेट गार असताना मोजता येतील. ड्रायव्हरच्या पायाशी एक जादा पेडल आहे, चासीच्या सांध्यांना तेल सोडायचं. निघायच्या आधी ते एकदा दाबायचं असतं आणि म्हातारबुवा ते काम नेहमी पाहुण्याला देतात. जोरात दाबा, हळू दाबलं तर ते पुन्हा दाबायला लावतात.